आई माहीत, बाप माहीत नाही: संकरित घटपर्णीला नाव कसं द्यायचं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळलाय का ते तुम्हालाही कळेल. दापोलीजवळ घराच्या पडवीत तुमच्याकडे दोन घटपर्णी टांगलेल्या आहेत, पानांच्या टोकाला किडे पकडणारे कलश धरणारी झाडं. एकीवर 'अलाटा' या जातीची पट्टी होती. दुसरी ऑनलाइन मागवलेली, तिच्या खोक्यावर नुसतं 'रेड हायब्रिड' छापलेलं. यंदा दोघींना एकदमच तुरे आले. अलाटावर मादी फुलं, लालवर नर. तुम्ही काडीने पराग लावले आणि आता बोंडं तपकिरी व्हायला लागली आहेत. होणाऱ्या रोपांना काय म्हणायचं, आजीचं नाव देता येईल का, आणि झाड पाहून त्याचे आईबाप ओळखता येतात का, हे तुम्हाला हवंय. वर काका सांगतात की असली झाडं पावसाळ्यात आपल्या सड्यावर, कातळाच्या पठारावर, उगवतातच, मग एवढं कौतुक कशाला.

काकांचं आधी निकालात काढू. सड्यावर पावसात उगवतात ती कीटकभक्षी झाडं खरी, पण ती दवबिंदू आणि सीतेची आसवं. दवबिंदूच्या पानांवर चिकट थेंब असतात. सीतेच्या आसवांना जांभळी-निळी फुलं येतात आणि त्यांचे सापळे मुळाशी, ओल्या मातीत, डोळ्यांना दिसतील न दिसतील एवढे. घटपर्णी, म्हणजे नेपेंथिस, कोकणात रानटी नाही. भारतात तिची एकच जात आहे, नेपेंथिस खासियाना, तीही मेघालयातल्या गारो, खासी, जैंतिया टेकड्यांवर. बाकीचा गोतावळा बोर्निओ, सुमात्रा, फिलिपिन्सकडे, थोडा श्रीलंका, सेशेल्स, मादागास्करमध्ये. तेव्हा काका चुकले, पण फार नाही.

आता खऱ्या अडचणीकडे. तुम्ही विचारताय नाव काय द्यायचं. अडचण मात्र अशी की नाव देण्याइतकं आपल्या हातात काही आहे का, तेच ठरलेलं नाही. मी कुडाळच्या बाजूला कलमांची रोपवाटिका चालवतो. पोट हापूस आणि काजूच्या कलमांवर चालतं, घटपर्णी हे अठरा वर्षांचं वेड. एवढ्या वर्षांत मला सगळ्यात जास्त त्रास बुरशीने दिला नाही की उन्हाने. दिला तो चुकीच्या पट्ट्यांनी.

नेपेंथिसमध्ये संकर इतके का होतात ते पाहिलं की निम्मा गोंधळ मिटतो. या झाडांत नर वेगळा, मादी वेगळी. एकाच झाडावर दोन्ही फुलं येत नाहीत, म्हणून स्वतःशीच फळणं शक्य नाही. शिवाय या कुळातल्या जाती एकमेकींना इतक्या जवळच्या आहेत की जवळजवळ कुठलीही कुठलीशी जमते आणि पोरं खेचरासारखी वांझ निघत नाहीत. त्यांना पुन्हा बी धरतं. जंगलात या जाती वेगळ्या राहतात त्या अंतरामुळे. एक डोंगराच्या माथ्यावर, दुसरी पायथ्याशी. एकीचा मोसम सरला की दुसरीचा सुरू. जिथे दोघी एका जागी, एका वेळी फुलतात, तिथे माश्या आपलं काम करतात. असा नैसर्गिक संकर म्हणजे हुकेरियाना, अँप्युलारिया आणि रॅफ्लेसियानाचा. आधी तिला स्वतंत्र जात समजून नाव दिलं गेलं, ती संकर आहे हे मागाहून उलगडलं.

कधी कधी तर संकरच जात होऊन बसतो. बोर्निओतल्या किनाबालू डोंगरावर राजा आणि विल्लोसा या दोन जाती आहेत. तिथली किनाबालुएन्सिस या दोघींच्याच संकरातून आली असावी असं मानतात. काही जाणकारांनी तिला पूर्ण जातीचा मान दिला, पण बरेच जण नावात गुणाकाराचं चिन्ह घालून तिला अजून संकरच म्हणतात. (राजा हे नाव आपल्याकडचंच बरं का. बोर्निओतल्या सारावाकचा गोरा 'राजा' जेम्स ब्रूक, त्याच्यासाठी वनस्पतिशास्त्रज्ञ हूकरने १८५९ मध्ये दिलेलं.)

माणसाने केलेले संकर सुरू झाले इंग्लंडात. व्हीच नावाच्या मोठ्या रोपवाटिकेत जॉन डॉमिनी नावाचा माळी होता. ऑर्किडचा पहिला कृत्रिम संकर फुलवणारा तोच, १८५६ मध्ये. १८६२ मध्ये त्याने केलेली घटपर्णी लोकांपुढे आली आणि तिचं नाव त्याच्यावरूनच पडलं. तिचे आईबाप रॅफ्लेसियाना आणि ग्रासिलिस असे सांगतात. मग काचघरांतून लाटच आली. १८८१ मध्ये सँग्विनिया आणि आपली मेघालयाची खासियाना यांची 'मास्टर्सियाना', एका बागकाम-नियतकालिकाचे संपादक मास्टर्स यांच्या नावाने. १८९३ मध्ये नॉर्थियाना आणि मॅक्सिमाची 'मिक्स्टा'. १९०० मध्ये मिक्स्टालाच पुढे वापरून केलेली 'डायेरियाना', लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाचे संचालक थिसेल्टन-डायर यांच्या नावाने. त्या काळच्या माळ्यांना लॅटिनचा सोस. बागेत केलेल्या झाडालाही रानातल्या जातीसारखंच नाव ठेवायचे. आज दुकानातल्या पट्ट्यांवर जो गोंधळ दिसतो, त्याचं एक मूळ इथे आहे: नाव वाचून कळत नाही की ही जात, की संकर, की एकच निवडलेलं झाड.

तर नावाचे तीन प्रकार. आंब्यावरून सांगतो, म्हणजे दापोलीकराला वेगळं समजवायला नको.

पहिलं म्हणजे नुसतं सूत्र. आईचं नाव, मध्ये गुणाकाराचं चिन्ह, मग बापाचं नाव. नीलम × हापूस. यात कौतुक नाही, फक्त हकीकत आहे. आम्हा बागवाल्यांत आई आधी लिहितात. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत कधी नुसता वर्णानुक्रम असतो, म्हणून परक्याच्या पट्टीवर पहिलं नाव दिसलं की तीच आई असं धरून चालू नका. नारळवाल्यांना याचं महत्त्व चांगलं ठाऊक. आपल्या उंच बाणवलीवर ऑरेंज डॉर्फ या ठेंगण्या नारळाचे पराग लावले तर ती केरासंकर, आणि ऑरेंज डॉर्फवर बाणवलीचे लावले तर चंद्रसंकर. जोडपं तेच, नाव वेगळं, गिऱ्हाईकही वेगळं.

दुसरं, गुणाकाराचं चिन्ह मध्ये घालून दिलेलं लॅटिन नाव. जसं नेपेंथिस × व्हेंट्राटा. हे नाव जोडप्याचं. व्हेंट्रिकोसा आणि अलाटा यांची जी जी पोरं होतील ती सगळी व्हेंट्राटा, मग आई कोणतीही असो, जंगलात झालेली असोत की तुमच्या पडवीत, लाल असोत की हिरवी. नावही दोघींचं अर्धं अर्धं जोडून केलंय, ते वाचताना दिसतंच. नारळवाले उलट्या संकराला वेगळं नाव देतात, इथे तसं नाही.

तिसरं, एकेरी अवतरणात लिहितात ते वाणाचं नाव, जसं 'मिरांडा' किंवा 'ब्लडी मेरी'. हे जोडप्याचं नाही. एका निवडलेल्या झाडाचं, आणि त्याच्याच फांद्यांपासून किंवा ऊतिसंवर्धनातून वाढवलेल्या झाडांचं. लोक घसरतात ते इथेच. हापूसची बाठ पेरली तर हापूस येतो का? येतो तो रायवळ. गोड निघेल, आंबट निघेल, धागेदार निघेल, पण त्याला हापूस म्हणून पेटीत भरलं तर बाजारात जोडे पडतील. तसंच 'मिरांडा'च्या बीतून आलेलं रोप 'मिरांडा' नव्हे, कितीही तिच्यासारखं दिसलं तरी. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने १९८१ मध्ये 'रत्ना' दिला तो नीलम × हापूसमधून. पण नीलम × हापूसचं प्रत्येक रोप रत्ना नाही. त्यातलं एक निवडलं, त्याची कलमं केली, ती रत्ना. पुढे रत्नावर पुन्हा हापूसचेच पराग लावून १९९२ मध्ये 'सिंधू' आला. घटपर्णीत अशा परतीच्या संकराला सूत्रात कंस घालतात: (अ × ब) × ब.

ऑर्किडवाल्यांकडे एक चौथी सोय असते. एका जोडप्याच्या सगळ्या पोरांना मिळून एकच हौसेचं नाव लावता येतं. त्यांचं पाहून बरेच जण घटपर्णीतही तसंच करतात. नेपेंथिसला ती सोय नाही.

आता तुमच्या दोन झाडांकडे. आधी 'अलाटा'. खरं सांगायचं तर आपल्याकडे 'अलाटा' म्हणून विकली जाणारी बहुतेक झाडं व्हेंट्राटाच असतात. त्यात दुकानदाराचा डाव असतोच असं नाही. ते झाड दणकट, फांदीपासून पटकन लागतं, म्हणून जगभर पसरलं आणि पट्टी वाटेत कुठेतरी अर्धी गळली. ओळखायची खूण अशी: जमिनीलगतच्या, जुन्या झाडाच्या खालच्या कलशाच्या पुढून दोन उभे झालरीसारखे पंख जातात का पाहा. अलाटाला ते ठळक असतात. व्हेंट्रिकोसाला जवळपास नसतातच आणि तिचा कलश मध्ये कंबर आवळल्यासारखा असतो. व्हेंट्राटात कंबर दिसते, पंख पुसट. दुसरी खूण झाकणाच्या खालच्या बाजूला. देठाशी नखाएवढा उंचवटा असेल तर अलाटाचं रक्त आहे. वेलीवर वर चढलेल्या कलशांवरून मात्र काही ठरवू नका. एकाच झाडाचे खालचे आणि वरचे कलश इतके वेगळे दिसतात की नवखा त्यांना दोन जाती म्हणेल. मीही म्हणालोय.

त्यात आणखी एक पाचर आहे. २०१३ मध्ये अलाटा या जातीचीच फोड झाली. अलाटा हे नाव फिलिपिन्सच्या लुझोन बेटावरच्या उत्तरेकडच्या झाडांपुरतं ठेवलं आणि बाकीच्यांतली पुष्कळशी ग्रासिलिफ्लोरा या नावाखाली गेली. त्यामुळे व्हेंट्राटाचा दुसरा पालक खरा अलाटा की ग्रासिलिफ्लोरा, यावर जाणकारांत वाद आहे. नाव ठेवताना ज्या झाडाला अलाटा म्हणत, ते आज अलाटा राहिलंच नसेल. तुम्ही त्यात पडू नका, पण पट्टी कधी निर्दोष नसते हे त्यातून ध्यानात येईल.

'रेड हायब्रिड' हे तर नावच नव्हे. वाणाच्या नावात 'हायब्रिड', 'व्हरायटी' असले शब्द नियमानेच चालत नाहीत. ते झाड पाहून बाप कोण हे सांगता येईल का? वळण सांगता येईल. तोंडाची कड रुंद आणि पट्टेदार असेल तर मॅक्सिमा किंवा व्हीचीकडचं असेल. कलश ठेंगणा, गोलसर, झाकण अरुंद आणि मागे वळलेलं असेल तर अँप्युलारियाचा अंश. दोन-तीन पिढ्या मिसळलेल्या झाडात मात्र अशा खुणा एकमेकींवर चढतात. चेहऱ्यावरून गोत्र सांगण्यासारखं आहे ते. पाहुण्यांना ऐकायला मजा वाटते, पट्टीवर लिहायचं नसतं.

हे इतक्या ठामपणे सांगतोय कारण मी स्वतः त्यात पोळलोय. सातेक वर्षांपूर्वी माझ्याकडे रॅफ्लेसियानाची मादी फुलली. बाजूला अँप्युलारियाचा नर होताच. मी सकाळी परागाचा पिवळा गोळा कुंचल्यावर घेऊन मादीच्या प्रत्येक फुलाला लावला. मलमलीची पिशवी मात्र घातली दुसऱ्या दिवशी, तीही पावसाने तुरा मोडेल म्हणून. मधल्या दिवसात तुऱ्यावर माश्या होत्या, मुंग्या होत्या, आणि शेडच्या दुसऱ्या टोकाला मिराबिलिसचा एक नर फुललेला होता, तो माझ्या लक्षातच नव्हता. बी धरलं, रोपं आली, मी पट्टीवर मोठ्या अक्षरांत 'रॅफ्लेसियाना × अँप्युलारिया' लिहिलं आणि तीसेक रोपं विकली. तिसऱ्या वर्षी कलश मोठे व्हायला लागले तेव्हा त्यांतली काही सरळसरळ मिराबिलिसच्या अंगाची. लांबट, बारीक, पातळ पानांची. शेडवरचा गडी रोप हातात घेऊन विचारतो, "ह्येचा नाव काय?" मला उत्तर देता आलं नाही. सापडले त्या गिऱ्हाइकांना फोन करून पट्टी बदलायला सांगितली. काहींनी हसण्यावारी नेलं, एकाने पैसे परत मागितले. दिले.

तेव्हापासून माझ्याकडे पिशवी आधी चढते, कळी उमलण्याआधी. पराग लावून झाले की पुन्हा पिशवी, ती मादीची सगळी फुलं ओसरेपर्यंत. तुम्ही पिशवी घातली होती का हे तुमच्या प्रश्नात नाही. परिसरात दुसऱ्या कुणाकडे नेपेंथिस नसेल आणि तुमच्याकडे ही दोनच असतील तर काळजी नाही, दुसरा बाप येणार कुठून. पण शेजारच्या घरी, गल्लीत, जवळच्या रिसॉर्टच्या बागेत एखादं टांगलेलं असेल तर शंकेला जागा आहे.

आजीचं नाव. देता येतं, आणि मराठी नाव द्यायला कसलीच आडकाठी नाही. १९५९ पासून नव्या वाणाला लॅटिन थाटाचं नाव ठेवताच येत नाही, चालू बोलीतलंच हवं. म्हणजे आजीचं सरळ नाव चालेल, तिला 'याना' लावून लॅटिन करू नका. कीटकभक्षी झाडांच्या वाणांची नोंद इंटरनॅशनल कार्निव्होरस प्लांट सोसायटीकडे होते. ते काम त्यांच्याकडे १९९८ पासून आहे. झाडाचं वर्णन, ते इतरांपासून कशात वेगळं, ते वेगळेपण टिकवायला वाढ कशी करायची, आणि फोटो, असं द्यावं लागतं. आईबाप अज्ञात असले तरी नोंद अडत नाही. 'आईबाप अज्ञात' असं लिहिता येतं. अडतं ते वेगळेपणावर. आणि ते आज तुमच्यापाशी नाही, बोंडातल्या सुतासारख्या बियांत ते दिसत नाही. रोपं मोठी होऊन खरे कलश धरायला तीन ते पाच वर्षं धरा. तोवर सगळ्यांना एकच नाव देऊ नका. एखादं पोर सगळ्यांत उठून दिसलं, दोन पावसाळे आणि दोन उन्हाळे तसंच राहिलं, फांदी लावल्यावरही तसंच उतरलं, तर आजीचं नाव त्या एकालाच द्या. उरलेल्या भावंडांना सूत्र पुरे.

आजच्या घडीला पट्टीवर मी असं लिहीन: 'अलाटा (पट्टीनुसार; बहुधा × व्हेंट्राटा) × अज्ञात लाल संकर', खाली पराग लावल्याची तारीख आणि तुमच्या नावाची आद्याक्षरं. लांबलचक वाटेल. पण पाच वर्षांनी त्यातलं एकही अक्षर खोडावं लागणार नाही. मार्करने लिहू नका, 'कायमची शाई' आपल्या उन्हात दोन पावसाळेही टिकत नाही. मी थंडपेयाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापून पट्ट्या करतो, खाली जुनं मासिक ठेवून रिफिल संपलेल्या बॉलपेनने दाबून कोरतो. शाई नाही, तर उडणार काय? शिवाय एक वही. रोपांची पट्टी हरवली तर वही वाचवते, वही भिजली तर पट्टी.

पेरणीचं एवढंच सांगतो, कारण यात उशीर परवडत नाही. बोंड उकलायला लागलं की लगेच काढा, पेरा. हे बी फार काळ जिवंत राहत नाही. शेवाळावर किंवा धुतलेल्या कोकोपीटवर नुसतं वरून भुरभुरा, मातीत पुरू नका. कोकोपीट धुवा म्हणजे खरंच धुवा. खाडीच्या पाण्यात कुजवलेल्या काथ्याचं असेल तर त्यात मीठ असतं आणि या रोपांना मीठ म्हणजे विष. विहिरीचं पाणीही किनाऱ्याजवळ मचूळ असतं, त्यापेक्षा पागोळीचं साठवा. उगवायला एक-दोन महिने लागतात, कधी जास्त. हवा दमट लागते ती तुमच्याकडे आहेच. थंड डोंगरावरच्या जातींचं रक्त असलेली पोरं मात्र आपल्या उकाड्याच्या रात्रींत मागे पडतील, काही मरतील. लाल झाडाचा वंश माहीत नाही म्हणून त्यातली किती टिकतील ते आधी सांगता येत नाही. शंभर पेरा, दहा धरा.

आणि बोंडं फुटण्याआधी एक करा. 'अलाटा'च्या सगळ्यात खालच्या कलशाचा समोरून एक फोटो आणि झाकण उचलून खालच्या बाजूचा एक, असे दोन टाका. देठाशी उंचवटा आहे की नाही ते पाहून पट्टीवरचा 'बहुधा' काढता येतो का बघू.